वाळ्यांची पट्टी

"जेचा तोंड मुंगयेच्या अंड्यापुरताच उघडता, तेका भियान तुमी दारां लावन बसलास!"

सहदेव धुरी हे वाक्य भर सभेत बोलला, तेव्हा बोलायची पाळी त्याची नव्हती. तो सोसायटीचा सभासद नव्हता, माळी होता. सभेत त्याचं काम खुर्च्या मांडायचं आणि सभा संपली की त्या एकावर एक रचायचं. वाक्य बोलून झाल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि आम्हा सगळ्यांकडे असा पाहू लागला, जणू आम्हीच त्याच्या वाटेत पडलेलं डेब्रिज आहोत.

आमची रवळनाथ सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. दोन विंग, चार मजले, लिफ्ट नाही. बहुतेक सभासद कणकवली-कुडाळकडचे. बाप गिरणीत होते, मुलं बँकेत, विम्यात, कुरियरच्या ऑफिसात. सहदेवही तिकडचाच. संपानंतर त्याचा बाप लालबागच्या खोलीत ट्रंकेवर नुसता बसून असायचा. त्याला गावी न्यायला म्हणून वीस वर्षांचा सहदेव मुंबईला आला. बाप गावी गेला, सहदेव राहिला. रवळनाथचं बांधकाम चाललं होतं तेव्हा तो साइटवर वॉचमन होता. बिल्डिंग उभी राहिली, बिल्डर गेला, आणि जाताना बी विंगच्या मागे आठ हात रुंदीची एक पट्टी विटांच्या तुकड्यांनी, फुटक्या लाद्यांनी आणि सुकलेल्या प्लास्टरने भरून गेला. त्या पट्टीला कुणी वाली नव्हता. सहदेवने ती घेतली. कुणाला विचारलं नाही.

तीन वर्षं तो पहारीने तुकडे उपसत होता. मग रस्त्यावरचा पालापाचोळा गोणीत भरून आणू लागला. नारळाच्या सोडणांचा भुगा, चहाचा चोथा, आणि मासे धुतलेलं पाणी. सकाळी बाजाराच्या वेळी तो जिन्यात बादली घेऊन उभा राहायचा. "बी-सात, बांगड्याचा पाणी ओतलंस? मोरीत? शाबास. मोरीत जास्वंद लावलंस काय?" तो आम्हाला कधी नावाने हाक मारत नसे. फ्लॅटच्या नंबराने मारायचा.

पट्टीत माती झाली. मातीत अळू आला, हळद आली, अनंत, अबोली, जास्वंद, एक लिंबू. फदफद्यासाठी आम्ही अळू फुकट तोडायचो, पातोळ्यांसाठी हळदीची पानं न्यायचो, आणि तरी तो कुणाला आवडत नव्हता. आवडावं असं त्याच्यात काही नव्हतंही. मुलांचा चेंडू पट्टीत गेला की तो परत मिळायचा, पण कोयत्याने दोन अर्धे करून. एकदा गावाहून आलेल्या पाहुण्याने अबोलीचं फूल खुडलं, तर सहदेवने त्याच्या शर्टाचं बटण तोडलं आणि म्हणाला, "आता समान." त्याची बायको शेवंती ए विंगमध्ये दोन घरी स्वयंपाक करायची. तिला कुणीतरी विचारलं, कशी गं राहतेस याच्याबरोबर? ती म्हणाली, "खाजयेची सवय होता तशी."

आता वाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं.

वाळा हा साप आहे, पण पाहणारा त्याला गांडूळ समजतो. बुटाच्या नाडीएवढा जाड, वीतभरही लांब नाही, रंग तव्याला चिकटलेल्या जुन्या तेलासारखा. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके असतात. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, ते चालू लागल्याशिवाय सांगता येत नाही. तो जमिनीखाली राहतो, सैल ओल्या मातीत, विटेखाली, कुजलेल्या पानांत, कुंडीच्या बुडाशी. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या खातो. माणसाला चावायचं म्हटलं तरी त्याच्या तोंडात माणूस मावत नाही. आणि तो 'तो' नाहीच. या जातीत सगळ्या माद्या असतात, नराशिवाय अंडी घालतात. हे शेवटचं सहदेवला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की माती चांगली झाली की वाळा येतो, आणि जमीन पाण्याने भरली की वर येतो.

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला. नाला तुंबला, पट्टी भरली. पाचव्या दिवशी सकाळी बी विंगच्या तळमजल्यावर दीप्ती राऊळ तिच्या सहा महिन्यांच्या मुलीला टबात आंघोळ घालत होती. न्हाणीच्या जाळीतून दोन वाळे लादीवर आले. दीप्तीचा नवरा सुयोग कामासाठी नाशिकला होता. तिने एका हाताने मुलीला उचललं आणि दुसऱ्या हाताने उकळत्या पाण्याचं पातेलं एकावर ओतलं. दुसऱ्यावर बादली पालथी घातली. मग दारात येऊन ओरडली.

सहदेव कोयता घेऊनच आला. मागून आम्ही सात-आठ जण.

"काका, साप!"

"सापच हा. मगे न्हाणीत काय हत्ती येतलो?"

"नागाचं पिल्लू आहे. म्हणजे आईपण इथेच कुठेतरी असणार."

"नागाची आवस तुझ्या न्हाणीत बाळंत होवक येतली? इतके वाईट दिवस नाय इले तिका."

कुणीतरी हसलं. दीप्तीला ते लागलं. मुलगी तिच्या खांद्यावर रडत होती. "हसा. तुमच्या घरात नाही आला ना. हे कानात शिरतात. माझी आजी सांगायची, झोपलेल्या पोराच्या कानात जातो आणि मग..."

सहदेवने बादली उचलली. वाळा लादीवर गोल फिरत होता. तो त्याने दोन बोटांनी उचलला आणि आम्हा सगळ्यांसमोर स्वतःच्या कानाला लावला. वाळा कानाच्या पाळीवर आला, पाळीभोवती वळला, कानामागच्या पांढऱ्या केसांत घुसला आणि पुन्हा बाहेर आला. सहदेव हसत होता. इतक्या वर्षांत त्याला हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

"बघ. गेलो? जा म्हटला तरी जाणा नाय."

दीप्ती बेसिनपाशी जाऊन ओकली.

"ह्या काळजान पोर वाढवतलस?" सहदेव म्हणाला. मेलेला वाळा त्याने पुसायच्या कपड्यात गुंडाळला, जिवंत मुठीत धरला, आणि निघून गेला.

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती. पण सहदेव ते बोलला, आणि जिन्यावरून कुणीतरी सगळ्याचा व्हिडिओ काढला.

दुपारपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता. आवाज नीट आला नव्हता. दिसत एवढंच होतं, की एक म्हातारा साप कानाला लावून हसतोय आणि एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन ओकतेय. खाली मेसेज पडू लागले. हा माणूस साप पाळतो. पट्टीत काय काय पुरलंय देव जाणे. आमच्या बाल्कनीतल्या कुंडीची मातीपण त्यानेच दिलीय, फेकून देऊ का? फेका, आत्ता फेका. चौथ्या मजल्यावरून तुळशीसकट एक कुंडी खरंच खाली आली. तुकडे सहदेवनेच गोळा केले.

सेक्रेटरी देवदत्त कुडतरकर यांनी त्या रात्री ग्रुपवर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. विषय क्रमांक एक : रहिवाशांची सुरक्षा. देवदत्तांच्या दोन गाड्या. एक आत, एक रस्त्यावर. गेल्या वर्षी त्यांनी टेप घेऊन पट्टी मोजली होती, सात गाड्या बसतात. तेव्हा बायकांनी अळवाच्या पानांवरून त्यांना गप्प केलं होतं. आता नोटिशीत गाडी हा शब्दच नव्हता.

सभेआधी दीप्तीने एका सर्पमित्राला बोलावलं. भांडुपहून मोटरसायकलवर प्रीतम नावाचा तरुण आला. त्याने पट्टीत तासभर वीट-वीट उचलली, चार वाळे प्लास्टिकच्या बाटलीत घेतले आणि आम्हाला दाखवले. "मण्यारीचं किंवा नागाचं पिल्लू याच्यापेक्षा मोठं असतं. हा वाळा. विष नाही. उलट वाळवी खातो, तुमच्या दारांच्या चौकटी वाचवतो. न्हाणीच्या जाळीला बारीक नेट लावा, विषय संपला."

दीप्तीने विचारलं, "नक्की?"

"ताई, नक्की."

ती जरा सैल झाली. देवदत्त पुढे आले. "मग लेखी द्या. या सापापासून सोसायटीतल्या एकाही मुलाला कधीही अपाय होणार नाही. सही आणि तारीख."

"सर, मी साप पकडतो. दाखले देत नाही."

"म्हणजे खात्री नाही."

प्रीतमने हेल्मेट घातलं. बाटली बॅगेत ठेवायला गेला, तर सहदेवने त्याचं मनगट धरलं. "खय नेतस?"

"काका, जंगलात सोडतो. इथे यांच्या भरवशावर कशाला?"

"तू शिकलेलो ना? जंगलात तेंचा घर हा काय? रिकामी कर."

"मी तुमच्याच बाजूने बोलतोय, काका."

"माझी बाजू नाय. माती हा. रिकामी कर."

प्रीतमने बाटली अळवाखाली रिकामी केली आणि सहदेवकडे न बघता गेला. त्याची बाजू घेणारा तेवढा एकच माणूस होता.

मग ती सभा. ते वाक्य. वाक्यानंतर सगळे एकदम बोलू लागले. तोंड सांभाळ. खुर्च्या उचलायला ठेवलाय तुला. व्हिडिओत हसत होतास तेव्हा? दीप्ती शेवटी उठली. ती ओरडली नाही. "माझ्याकडे गाडी नाही," ती म्हणाली. "मला पार्किंग नको. तो चावत नाही, तेही मला पटलं. पण मी रोज रात्री तीनदा उठून मुलीच्या कानात मोबाइलचा उजेड पाडते. मला झोप हवीये. बस." तिचं बोलणं खरं होतं. त्या सभेत तेवढंच खरं होतं, आणि देवदत्तांना नेमकं तेच लागत होतं. पट्टी खणून, खडी टाकून सिमेंट काँक्रीट करायचं ठरलं. हात वर झाले. खाली राहिलेला एकही हात मला आठवत नाही, माझाही नाही.

सहदेवला काढलं नाही. जिने धुवायचे, पंप चालू-बंद करायचा, जिन्याखालची सामानाची जागा त्याचीच. देवदत्त म्हणाले, आम्ही काही राक्षस नाही.

"वाळो तुका जेवक घालतलो?" शेवंती त्याला जिन्यात म्हणाली. डबा तिने पायरीवर ठेवला होता, तो त्याने उघडला नव्हता. "साठी उलाटली. ह्या वयात तुका कोण ठेवतलो? झाडू घे नि गप ऱ्हव."

"गपच आसंय."

"तुझ्या गप ऱ्हवण्याचोच तर भेव वाटता."

काम अडलं ते वेगळ्याच कारणाने. तिसऱ्या मजल्यावरच्या रतनकाकी, वय ऐंशी, खाली आल्या आणि पट्टीत खुर्ची टाकून बसल्या. काकी सहदेवच्या बाजूच्या नव्हत्या. त्यांच्या मुलालाही गाडी लावायला जागा हवी होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की जास्वंदीखाली जो दगड आहे तो जागेवाल्याचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा. बिल्डिंग झाली तेव्हा त्यांच्या नवऱ्याने तो गावाहून आणून तिथे बसवला. दरसाल देवदिवाळीला त्याला नारळ मिळतो. दगड हलवायचा तर आधी गाऱ्हाणं घालायला हवं. "तेका विचारल्याशिवाय सिमेंट ओतलास तर तुमच्या पोरांक बघून घेतलो तो. मी सांगूचा काम केलंय."

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. एकाने नारळ हातात घेऊन जागेच्या राखणदारासमोर उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीने त्याच्याशी मोठ्याने बोलायचं. काय चुकलं, काय हवंय, कुणाच्या घरात काय दुखणं आहे. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. पाठ केलेली पोथी नसते. ज्याला येतं त्याला येतं. काकींचा नवरा असेपर्यंत तो घालायचा. तो गेल्यावर अकरा वर्षं सहदेव घालत होता, कारण आमच्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

त्या दहा मिनिटांत तो वेगळाच असायचा. वर्षभर बी-सात, ए-बारा म्हणणारा माणूस तेव्हा एकेकाचं नाव घ्यायचा. अक्षताचा बारावीत राहिलेला विषय, देवदत्तांच्या आईचं डायलिसिस, चंद्रप्रकाशची सुटलेली नोकरी. त्याला हे सगळं कसं कळायचं, आम्ही कधी विचारलं नाही. गेल्या देवदिवाळीला त्याने म्हटलं होतं, "दीप्तीच्या पोटातला लेकरू सुखान भुईक येवदे." दीप्ती सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाली होती.

गुरुवारी देवदत्तांनी स्वतः प्रयत्न केला. कागदावर लिहून आणलं. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या तोंडातून "सदर जागेतील" असं निघालं आणि मागे कुणाला हसू आवरेना. तरी त्यांनी नेटाने संपवलं, नारळ फोडला. नारळ आतून कुजका निघाला. पाण्याचा वास पट्टीभर पसरला. जे हसत होते तेही मागे सरकले. कंत्राटदाराच्या मुकादमाने, तोही कोकणातलाच, देवगडचा, पहार खाली ठेवली. "साहेब, आधी तेवढं नीट करून घ्या. माझी माणसं दगडाला हात लावणार नाहीत."

रविवारी सकाळी दहाला मिक्सर फाटकाच्या आत उभा होता. सिमेंटच्या गोणी, खडी, सहा कामगार. दगड धुतलेला. ताटात नारळ, पानाचा विडा, अगरबत्ती. आम्ही सगळे पट्टीच्या कडेला. दीप्ती मुलीला घेऊन मागच्या दारात. सहदेवला जिन्याखालून बोलावलं.

देवदत्त गोड आवाजात म्हणाले, "सहदेव, झालं गेलं विसर. तू गाऱ्हाणं घाल आणि मोकळा हो. तुझी नोकरी कायम, लिहून देतो. भिंतीला लागून चार कुंड्या ठेव हव्या तर."

"आणि नाय घातलंय तर?"

देवदत्तांचा आवाज बदलला. "तर सोसायटीला माळ्याची गरज नाही. माती नाही तर माळी कशाला?"

"सहदेवा," रतनकाकी म्हणाल्या, "तुझ्या तोंडान मागितला की तो देता. इतक्या वर्षांचो अनुभव हा."

"काय मागू?"

"परवानगी. आणि माफी."

"कोणाच्या वतीन?"

"सगळ्यांच्या."

"म्हंजे माझ्यापन."

मिक्सरवाल्याने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. दीप्ती दारातून म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही मला जे बोललात ते मी सोडून दिलं. तुम्हीपण सोडा. बोला एकदा, संपवा हे."

सहदेवने तिच्याकडे पाहिलं. मग पाय धुतले. ताटातला नारळ उचलला, शेंडी आपल्याकडे केली आणि दगडासमोर उभा राहिला. आम्ही चपला काढल्या, हात जोडले. देवदत्तांनी सुटकेचा श्वास सोडला, तो आम्हाला ऐकू आला. पुरुषांच्या गळ्यात व्हय म्हाराजा तयार होतं.

सहदेवने दीर्घ श्वास घेतला. दरवर्षी घ्यायचा तसाच. खांदे वर गेले. मग त्याने मान फिरवून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सावकाश, कुणाला न गाळता. दीप्तीच्या मुलीवर नजर आली तेव्हा ती आईच्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत होती. तिच्यावरही तो तेवढाच थांबला.

अगरबत्तीची राख पडली.

त्याने श्वास सोडून दिला. नारळ ताटात परत ठेवला, डळमळू नये म्हणून खाली पान सरकवलं. कमरेचा पंपाच्या खोलीचा किल्ल्यांचा जुडगा काढून नारळाशेजारी ठेवला. "सहदेव," देवदत्त म्हणाले. "सहदेव, हे बघ—" जिन्याच्या दारातून शेवंती दोन पावलं पुढे आली आणि तिथेच उभी राहिली.

आमचे हात अजून जोडलेले होते. तो आमच्यामधून गेला, सिमेंटच्या गोणींना वळसा घातला, मिक्सरच्या बाजूने फाटकापाशी पोचला. वॉचमनने सवयीने फाटकातला छोटा दिंडीदरवाजा उघडला. सहदेव वाकून बाहेर पडला आणि मिठागर रोडने चालू लागला.